अळ्यांच्या वाट्याचा बेल

"मॅडम, फुलपाखरं येतील अशी झाडं द्या. पण अळ्या पडायला नकोत हं."

पैठण रोडला माझी नर्सरी होती तेवढ्या वर्षांत हे वाक्य इतक्यांदा ऐकलं, की पुढं पुढं गिऱ्हाईक गाडीतून उतरायच्या आधीच ते माझ्या कानात वाजायचं. बंगलेवाले म्हणायचे, शाळावाले म्हणायचे, चितेगावच्या कंपन्यांचे साहेब लोक तर हमखास म्हणायचे. नातवंडं पाहिजेत पण सून बाळंत व्हायला नको, अशातली गत. सुरुवातीला मी उभ्या उभ्या सगळं समजावून सांगायचे. नंतर शहाणी झाले. "येतील, येतील," म्हणायचे आणि कढीपत्त्याचं नाहीतर लिंबाचं रोप डिकीत ठेवून द्यायचे. अळ्या पडल्या की फोन येणारच असतो. माणूस घाबरलेला असला की जास्त लक्ष देऊन ऐकतो, हा माझा अनुभव.

आम्ही गंगापूरकडचे. घरात मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, आणि बाकीच्या वेळी लोकांच्या कपाशीत मजुरी. कॉलेजची पायरी चढलेली घरातली मी पहिली. बी.एस्सी., प्राणिशास्त्र. हे मी मुद्दाम लिहिते, कारण मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. निकाल लागला तेव्हा वडील मेंढरं घेऊन गंगेकाठी गेले होते. गंगा म्हणजे आमची गोदावरी. मी जीपला लटकत तिथं गेले आणि पास झाल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "काय शिकवलं त्यात?" मी हुरूपानं अळीचं फुलपाखरू कसं होतं ते सांगत बसले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बिडी विझवली आणि म्हणाले, "अळ्या बघाया एवढ्या लांब गेली व्हय? हितं काय कमी व्हत्या?" पण दिवस मावळायच्या आत आजूबाजूच्या साऱ्या मेंढपाळांना सांगून आले होते, पोरगी सायन्सची झाली म्हणून.

नोकरी काही लागली नाही. तेव्हा शहर पैठण रोडनं पसरत होतं. जिथं ज्वारी होती तिथं चुन्याच्या रेघा पडत होत्या, प्लॉटिंगचे बोर्ड लागत होते. घर झालं की अंगण होतं आणि अंगण झालं की माणसाला दोन झाडं लावावीशी वाटतात. मी भाड्यानं जागा घेतली आणि नर्सरी टाकली.

नर्सरीचं काम बाहेरून दिसतं तेवढं सुगंधी नाही. माती चाळायची, शेणखत मिसळायचं, काळ्या पिशव्या भरायच्या, आणि मग पाणी, पाणी, पाणी. शिवाय लोकांच्या बागा आठवड्यातून एकदा जाऊन बघायच्या, त्याला आमच्यात मेंटेनन्स म्हणतात. खरं पोट त्याच्यावर चालतं. बाकीचे नर्सरीवाले परराज्यातून ट्रकनं येणारी शोभेची झाडं विकायचे. मी फुलपाखरांची झाडं विकायला लागले. ज्या रोपाला भोकं, ते माझ्याकडं पुढं मांडलेलं असायचं.

हा धंदा समजायला एकच गोष्ट समजावी लागते. फूल म्हणजे फुलपाखराची खानावळ आणि पान म्हणजे माहेर. बागेत नुसती फुलं लावली तर ते रस पिऊन पुढं जातं. बाळंतपणाला त्याला ठरावीक झाडाचं पानच लागतं. लिंबावरचं फुलपाखरू लिंबाच्या भावकीतच जाणार, म्हणजे कढीपत्ता, कवठ, बेल. रुईवरचं रुईवरच. मादी पानावर उतरते आणि पाय आपटते. लोकांना वाटतं नाचतेय. ती पायानं चव घेत असते. चव पटली तरच अंडं. रुईला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, पण ह्या अळ्या ती खाऊन स्वतःच कडू होतात, मग पाखरंही त्यांच्या वाटेला जात नाहीत. आणि ही रुई शहरात कुठं असते? रिकाम्या प्लॉटवर. घर बांधायचं ठरलं की पहिला जेसीबी तिच्यावरच फिरतो. तिथंच घर बांधून वर्षभरानं तोच माणूस माझ्याकडं येतो, "मॅडम, फुलपाखरं येतील असं काहीतरी द्या."

एकदा बायपासच्या एका लॉन्सवरून लग्नाचं काम घेणारा एक तरुण आला. मंगलाष्टकं संपली की अक्षतांच्या जोडीला पाचशे फुलपाखरं सोडायची, अशी नवरीच्या वडलांची हौस. मी म्हटलं, "बाबा, ती डब्यात कोंबली की निम्मी मरतात. आणि तुझा मुहूर्त संध्याकाळचा. फुलपाखरं तोवर झोपलेली असतात."

"लाइट मारू ना, मॅडम. मोठे फोकस आहेत आपल्याकडं."

माझ्याकडं गयाबाई कामाला होती, माझ्या आईच्या वयाची, आमच्याच गावची, लांबची मावशी. पिशव्या भरता भरता मान वर न करता ती म्हणाली, "त्यापरीस नवरीलाच पंख लाव. सासरी जाया बरं पडंल."

ह्या गयाबाईची एक गंमत सांगते. जन्म मेंढरांत गेला, लांडग्याच्या मागं काठी घेऊन धावलेली बाई, पण अळी दिसली की साडी गुडघ्याच्या वर घेऊन उडी मारायची. "मेंढ्यानं टक्कर मारू दे, पन हे वळवळतं नगं," म्हणायची. फुलपाखरांच्या नर्सरीत ती इतकी वर्षं टिकली ती निव्वळ माझ्यावरच्या मायेनं.

मग दुष्काळाची वर्षं आली, एकामागं एक. आमचं शहर तेव्हा कागदावर औरंगाबाद होतं आणि नळाला आठवड्यानं पाणी यायचं. टँकरवाले सलीमभाई सरळच म्हणाले, "मॅडम, आदमियां कू पानी नै, झाडां कू कां से लाऊं?" तरी जाता जाता तळाशी राहिलेलं पाणी माझ्या हौदात सोडून जायचे. ज्यांच्या घरात प्यायला पाणी नाही ते रोपं कशाला घेतील? नर्सरी निम्मी वाळली. मेंटेनन्सची घरंही गळत गेली. उरलेल्यांतलंच एक घर नानांचं. त्याच घराबद्दल लिहायचं म्हणून मी खरं तर लिहायला बसले आहे.

नाना महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. आजोबा गावच्या महादेवाचे पुजारी, वडील कारकून, हेही कारकून. त्यांच्या पत्नी माई औरंगपुऱ्यातल्या एका शाळेत मराठी शिकवायच्या. मुलगा परगावी. आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत काढून म्हातारपणी त्यांनी आमच्या रोडच्या बाजूला, नव्या वसाहतीत, छोटं बैठं घर बांधलं आणि अंगणात बेल लावला. तो अगदी खिडकीला लागून वाढला होता.

श्रावण नुकताच लागला होता, पाऊस मात्र गायब. सकाळीच नानांचा फोन आला.

"मॅडम, आमच्या बेलाला कीड लागली आहे. आजच्या आज औषध मारायला माणूस पाठवा. सोमवार तोंडावर आला आहे."

माणूस म्हणजे मीच. गयाबाईला स्कूटीवर मागं घेऊन गेले. नाना फाटकात उभे होते, हातात पापड भाजायचा चिमटा. रोज पूजेआधी ते त्या चिमट्यानं अळ्या उचलून भिंतीपलीकडच्या मोकळ्या प्लॉटमध्ये टाकायचे. त्यांनी श्रावणभर घरच्या पिंडीवर बेल वाहायचा संकल्प सोडला होता. बेल घरच्याच झाडाचा आणि पान अखंड, म्हणजे तिन्ही दलं पुरी, कुठं भोक नाही, कुरतडलेलं नाही. आणि झाड बघावं तर पान पान खाल्लेलं.

संकल्प कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. ते मला खिडकीतून दिसलं. आत पलंगावर माई होत्या. उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा पूर्ण बसली. डॉक्टर म्हणाले होते, वाचा थोडी येईल, नाही तर येणारही नाही.

"थोडी आली तरी पुष्कळ," नाना म्हणाले. "घरात आवाजच नाही हो राहिला."

मी म्हटलं, "नाना, औषध मारलेलं पान देवाला वाहणार का?"

"धुऊन घेऊ."

"धुतल्यानं जाईल असलं औषध अळीला तरी कसं मारेल?"

ते विचारात पडले. पूजेतला माणूस, विषाचं पान त्याला चालणार नव्हतं. तेवढ्यात एक फुलपाखरू आलं, काळ्या अंगावर पिवळे ठिपके असणारं, आपल्याकडं कुठल्याही लिंबावर दिसतं तेच. कोवळ्या शेंड्यांवर टेकत, शेपटाकडचा भाग पानाखाली वळवत ते झाडभर फिरायला लागलं. माझं सहज खिडकीत लक्ष गेलं. माईंची मान हलत नव्हती, पण नजर त्याच्याबरोबर फांदी फांदी फिरत होती.

"तेवढंच बघते ती दिवसभर," नाना हळू आवाजात म्हणाले. "टीव्ही लावला तर डोळे मिटून घेते."

"नाना, ती आत्ता काय करतेय कळलं का तुम्हाला?"

"रस पीत असेल."

"बेलाला आत्ता फूल कुठाय? अंडी घालतेय ती. तुम्ही चिमट्यानं उचलून टाकता ती तिचीच पोरं."

तुम्ही म्हणाल, शिकलेल्या माणसाला हे माहीत नसेल का? माहीत असतं. शाळेच्या पुस्तकात चित्र असतं, अंडं, अळी, कोष, फुलपाखरू, आणि मधे गोल बाण. माईंच्या घरात तर ते पुस्तक किती वेळा येऊन गेलं असेल. पण आपल्या अंगणातली अळी म्हणजे त्या चित्रातलीच अळी, असं कुणाला वाटत नाही. पुस्तकातली वेगळी, आणि कढीपत्त्यावरची ती कीड.

नाना हातातल्या चिमट्याकडं बघत राहिले. गयाबाई चार हात लांब उभी होती, तिथून म्हणाली, "म्हंजे नाना, माईची करमणूक तुमी रोज सकाळी भितीपल्याड फेकीत व्हते!"

मी तिच्याकडं डोळे वटारले. पण नाना रागावले नाहीत. त्यांच्यातला महसूल खात्याचा माणूस जागा झाला. देवघरातून लाल नाडा घेऊन आले आणि म्हणाले, "वाटणी करू. खिडकीकडच्या फांद्या ह्या अळ्यांच्या. भिंतीकडच्या महादेवाच्या." आणि मधल्या फांदीला नाडा बांधून हद्द कायम केली.

"अळ्यायला नोटीस कोन बजावनार?" गयाबाईनं विचारलं.

ते काम माझ्याकडं आलं. दर आठवड्याला गेलं की महादेवाच्या हद्दीत शिरलेल्या अळ्या पानासकट उचलायच्या आणि खिडकीच्या बाजूला नेऊन सोडायच्या. नाना चष्मा लावून मागं उभे. "ती बघा, वरती एक. अतिक्रमण." मला त्या घरी जायला आवडायला लागलं. माईंचं अंग पुसून काढायचं ते पाणी नाना साबण न लावता जपून बादलीत धरायचे आणि बेलाला घालायचे. सगळ्या वसाहतीत झाडं माना टाकत होती आणि हा बेल जगत होता, तो त्या पाण्यावर.

पण पाऊस आलाच नाही. नवीन पालवी थांबली, महादेवाच्या वाट्याची अखंड पानं संपत आली. नानांनी शास्त्र काढलं. बेल शिळा होत नाही, वाहिलेलं पान धुऊन पुन्हा वाहिलं तरी चालतं. मग ते रोज तीच पानं उतरवायचे, धुवायचे आणि परत वाहायचे.

आणि एक दिवस नानांचा फोन. 

"मॅडम, अनर्थ झाला. देवावर पक्ष्यानं घाण केली आहे."

"पक्षी आत कसा आला?"

"तेच तर! देवघराला खिडकीसुद्धा नाही. आणि मॅडम..." ते थांबले. "ती घाण चालते आहे."

मला हसू आवरेना. फोनवर हात ठेवून हसले. जाऊन बघते तर पिंडीवरच्या बेलाच्या पानावर इवलीशी अळी, तांदळाच्या कणीएवढी, तपकिरी अंगावर पांढरा डाग. ह्या अळ्या लहानपणी हुबेहूब चिमणीच्या शिटेसारख्या दिसतात. तेच त्यांचं संरक्षण, कोण खाईल? पान तोडतानाच त्याच्यावर अंडं असणार. मादी ते असं चिकटवते, की रोजच्या धुण्यातही ते सुटलं नव्हतं. नानांना दिसलं नव्हतं आणि पिंडीवर बसल्या बसल्या ते फुटलं होतं.

मी म्हटलं, "द्या, झाडावर सोडते."

"थांबा," नाना म्हणाले. हात जोडूनच उभे होते. "देवाच्या डोक्यावर जन्मली ती. तिला उन्हात कुठं टाकता? घरात वाढवता येईल का? हिच्याजवळ?"

येते की. आम्ही नर्सरीत वाढवतोच. तांब्यात पाणी घालून बेलाची डहाळी उभी केली, अळी पाण्यात पडून बुडू नये म्हणून तांब्याच्या तोंडाशी कापूस दाबला, आणि तांब्या माईंच्या पलंगाशेजारी स्टुलावर ठेवला.

मग आठवड्यातून एकदा जायचं ते मी वाट वाकडी करून रोजच जायला लागले. अळीचं एकच काम, खाणं. कातडी तंग झाली की ती टाकायची, नवी घ्यायची, पुन्हा खाणं. चार कातड्या टाकल्यावर तिचं ते शिटेचं रूप गेलं आणि ती बेलाच्या पानासारखी हिरवीगार झाली. मी माईंना सगळं सांगायचे. ऐकायच्या. कुणी तरी आपल्याशी आजारपण सोडून दुसरं काही बोलतंय, हे त्यांच्या डोळ्यांत कळायचं. एकदा त्यांचा चांगला, डावा हात धरून मी त्यांचं बोट अळीच्या पाठीला लावलं. अळीनं डोक्यामागून तिची केशरी शिंगं फटकन बाहेर काढली. शत्रूला घाबरवायला ती असं करते आणि त्याला आंबूस, उग्र वास येतो. माईंनी नाक मुरडलं. अगदी स्पष्ट. नाना धावतच मुलाला फोन करायला गेले. "नाक मुरडलं रे तिनं!" हॉलमधून ऐकू येत होतं. "हो, हो, पहिल्यासारखं!"

एक दिवस बघितलं तर डहाळीला ताजी पानं होती, महादेवाच्या बाजूची. मी म्हटलं, "नाना, हद्द?"

"मी बोललो आहे त्यांच्याशी," नाना देवघराकडं मान करून म्हणाले. "त्यांची हरकत नाही."

अळी पुरी वाढली की खाणं सोडते आणि जागा शोधत भटकते. आमची तांब्यावरून उतरली, भिंतीनं चढली आणि खिडकीच्या चौकटीला जाऊन थांबली, माईंच्या बरोबर नजरेसमोर. शेपूट चिकटवलं, कमरेभोवती रेशमाचा धागा घेतला आणि मागं रेलून राहिली. विजेच्या खांबावर वायरमन पट्टा बांधून रेलतो, तशी. शेवटची कातडी टाकली आणि कोष झाला. मी म्हटलं, चौकटीला जाळी नाही, खिडकी बंद ठेवा. पण उकाडा भयंकर, वीज जायची, आणि माईंना वारा लागायचा. खिडकी उघडीच राहिली.

मी माईंना सांगत होते, आत आता अळी जवळजवळ विरघळते. पाय, जबडा, पोट, सगळ्याचं पातळ होतं. पण सगळंच जात नाही. पंखांचे, डोळ्यांचे बारीक कोंब अळीत आधीपासूनच असतात, ते त्या पातळातून अंग धरतात.

नाना दारात उभे राहून ऐकत होते. "म्हणजे मरते का ती?"

"नाही. पण अळीही राहत नाही."

"आणि मागचं? मागचं आठवतं का तिला?"

"ठाऊक नाही, नाना. बी.एस्सी.ला एवढं नव्हतं."

त्या दिवशी निघताना ते फाटकापर्यंत आले. म्हणाले, "श्रावण संपत आला. माझ्या मनात पक्कं बसलं आहे. ही बाहेर निघाली, की तीसुद्धा बोलेल."

मी सरळ बोलणारी बाई. म्हटलं, "नाना, असं एकाला दुसरं बांधू नका. सगळे कोष उघडत नाहीत. त्या जिवाला तुमच्या घरातलं काही माहीत नाही."

ते ताठ झाले. "तुम्ही सायन्सवाले," एवढंच म्हणाले आणि फाटक लावून घेतलं.

स्कूटीवर गयाबाईनं माझी कानउघाडणी केली. "म्हाताऱ्याच्या हातातली काठी कामून वढती तू? व्हय म्हनायचं. काय जातंय आपलं?"

"आणि नाही उघडला तर?"

"म्होरं बघून गाडी चालव," ती म्हणाली. 

पुढच्या खेपेला मी कोषाला हलकं बोट लावलं. चांगला कोष असला की जरा वळवळतो. हा हलला नाही. रंगही मातकट, मेल्यासारखा. फुलपाखरू यायच्या आधी कोषाचं साल काचेसारखं होतं आणि आतले पंख दिसतात. इथं आत नुसता काळोख. मी समजले. नानांना म्हटलं, "मला हा बरा दिसत नाही."

"रंग बदलतो म्हणाला होतात ना? बदलला आहे," ते म्हणाले आणि खिडकीचा पडदा सारखा करायला लागले. माझ्याकडं बघितलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी फोन आला. "या," एवढाच शब्द.

आम्ही दोघी गेलो. दार सताड उघडं. कोषाला एक बारीक, गोल भोक पडलं होतं, सुई तापवून पाडावं तसं. त्यातून इवल्या गांधिलमाश्या निघाल्या होत्या, मोहरीहून बारीक, हिरव्या चमकीच्या. चौकटीवर, पडद्यावर, माईंच्या पांढऱ्या चादरीवर चालत होत्या. अजून निघतच होत्या.

"हे काय आहे?" नानांच्या हातात पंचा होता. "फुलपाखरू कुठाय?"

सांगायला मीच होते. "नाना, कोष ओला असताना ह्या माश्यांच्या आईनं त्याला डंख मारून आत अंडी घातली. तिच्या पोरांनी आतलं खाल्लं. ती आता बाहेर पडतायत. फुलपाखरू नाही यायचं त्यातून."

"खाल्लं?"

"हो."

"सगळं?"

मी मान डोलावली. नानांचा चेहरा असा झाला, की गयाबाई पुढं होऊन म्हणाली, "बसा नाना, बसा जरा." ते बसले नाहीत. त्यांनी पंचा भिंतीवर हाणला. मग पडद्यावर. मग चौकटीवर. सत्तरी ओलांडलेला माणूस, कधी कुणाशी वरच्या पट्टीत न बोललेला, डोळ्यांना धड न दिसणाऱ्या माश्यांच्या मागं खोलीभर धावत होता. "माझ्या घरात! माझ्या घरात येऊन!" पंच्याचं टोक लागून तांब्या कलंडला, पाणी लेंग्यावर आलं, तरी थांबेनात. मी हात धरायला गेले तर झटकला. गयाबाई पदर तोंडाशी धरून भिंतीला टेकली होती.

एक माशी माईंच्या डाव्या हातावर उतरली आणि मनगटाकडं चालायला लागली. नानांना ती दिसली. ते पलंगाशी आले आणि पंचा वर उचलला.

"अहो."

आवाज घोगरा होता. ओठांच्या एकाच कोपऱ्यातून आलेला, ओला. पण जरबेचा.

नानांचा हात वरच राहिला. मी गयाबाईकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. आमच्यापैकी कुणी बोललं नव्हतं.

"काय?" नाना म्हणाले. "काय म्हणालीस?"

माईंनी पुन्हा काही म्हटलं नाही. नुसतं त्यांच्याकडं बघितलं आणि आपला हात, त्यावरच्या माशीसकट, चादरीवरून हळूच पलीकडं ओढून घेतला.

नानांनी पंचा खाली केला. त्याची घडी घातली. ती नीट बसेना, म्हणून पुन्हा घातली.

"बरं," ते म्हणाले. "नाही मारत."